जाड रबरी सूट
नव्या रबराचा वास आला की दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारातली ती दुपार आठवते. परदेशी मालाचं वेड सगळ्यांना नुकतंच लागलं होतं आणि एक्स्पोर्टमधून नाकारलेल्या कपड्यांच्या ढिगात समुद्रात घालायचा काळा सूट सापडला. गोव्यात फळीवरून लाटा खेळणाऱ्या काकासाठी बाबांनी तो अंगावर चढवून पाहिला. "बहुत मोटा है, भैया," बाबा म्हणाले. "गोवा का समंदर जनवरी में भी गुनगुना रहता है." "मोटा ही तो गरम रहेगा, साब!" फुटपाथवरचा दुकानदार स्वेटर विकावा तसा म्हणाला. तेवढ्यात त्याची जागा बळकावायला टपलेले गुंड लाठ्या घेऊन आले. मेल्यांनी त्याला खाली पाडून तुडवलं, डोकं फोडलं. बाबा त्या सुटातच धावले आणि त्याच्या अंगावर पालथे पडले. मग लाठ्या बाबांच्या पाठीवर बसू लागल्या, गादी झोडपल्यासारख्या. मी नुसती किंचाळत होते. बाबा उठले तेव्हा दुकानदाराचं रक्त त्यांच्या छातीवरून ओघळत होतं. रबरात ते मुरतच नव्हतं. बाबांची एकही बरगडी मोडली नाही. काल गुडगावच्या मॉलमध्ये माझा मुलगा तसलाच सूट निवडत होता. "मॅडम, पानी कितना ठंडा होगा?" सेल्समनने विचारलं. मी आधी त्या रबरावर जोरात मूठ हाणून पाहिली.