तळहातावरचं तीर्थ

शेजारच्या वहिनींकडे सत्यनारायण होता. त्यांचा मुलगा संदीप व्यावसायिक कबड्डी खेळतो. मागे त्याच्या लघवीच्या तपासणीत उत्तेजक सापडलं म्हणून बंदी आली; दुसऱ्या नमुन्यात काहीच निघालं नाही, तेव्हा उठली. पहिल्यांदा ते आलं कुठून, हे कुणालाच सांगता आलं नाही.

गुरुजींनी तीर्थ दिलं. संदीप तळहाताकडे बघतच राहिला. वहिनी हळूच म्हणाल्या, "घे बाळा. मी आधी घेतलंय."

लोकांचा त्याच्यावरचा संशय कागदावरून पुसला गेला खरा. पण आता तो त्याच्याच मनात राहायला आलाय, समोर येणाऱ्या प्रत्येक वाटीबद्दल.

त्यानं तीर्थ डोळ्यांना लावलं, हात डोक्यावरून फिरवला. ओठ कोरडेच राहिले.

वहिनी शिरा वाटायला उठल्या. सगळ्यांना द्रोण दिले. त्याच्यासमोर मात्र न थांबता पुढे गेल्या.