आत्याने बांधलेली गाठ

"बाई गुनाची हुती, पन त्या नगरच्या पोरीला बुडवायचंच बाकी ठेवलं हुतं तिनं."

सोनाआत्याच्या तेराव्याला मी माजघरात पत्रावळी पुसत बसले होते आणि हे वाक्य भिंतीपलीकडून, चुलीपाशी बसलेल्या बायकांतून आलं. आवाज शेजारच्या पारूकाकूंचा. त्यावर कुणीतरी हळहळलं, कुणीतरी "व्हय की" म्हणालं आणि बोलणं पुन्हा आमटीच्या तिखटावर गेलं. ती नगरची पोर म्हणजे मी. माझ्या हातातली पत्रावळ तशीच राहिली. समोरच्या खुंटीवर, नेहमीच्या जागी, आत्याचा सुका भोपळा टांगलेला होता. कमरेशी बारीक, खाली गोल, वर्षानुवर्षं पाण्यात भिजून आणि उन्हात वाळून काळपट झालेला. त्याला गुंडाळलेला सुती दोर अजून तिनेच गुंडाळल्यासारखा होता...

सोनाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचं सासर श्रीगोंद्याजवळच्या एका वाडीत, आम्ही नगरला लागून असलेल्या केडगावात. मी इंग्रजी शाळेत जाणारी, कुणी काही विचारलं तर आधी खाली बघणारी. बहात्तरच्या दुष्काळाच्या दोन वर्षं आधी, मे महिन्यात, वडिलांनी मला तिच्याकडे महिनाभर ठेवलं. पहिल्याच दुपारी जेवणं झाल्यावर आत्याने एक जुनं तांबडं लुगडं उचललं आणि मळ्याच्या वाटेवरच्या बाभळीवर वाळत टाकलं. ते कोरडंच होतं. मी बघतच राहिले तेव्हा तिची मुलगी चंद्रा हसत म्हणाली, "अगं, ते दिसलं की गडीमान्सं हिकडं फिरकत न्हाईत. विहिरीवर बाया हायेत म्हनून." ही खूण त्या वाडीत कुणी सुरू केली ते कुणालाच सांगता आलं नाही. पण लुगडं फांदीवर असेपर्यंत आत्याचे सासरेसुद्धा विहिरीवरच्या पाण्याच्या इंजिनाकडे येत नसत.

त्या दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा एका बाईला सूर मारताना पाहिलं. आत्या तेव्हा चाळिशीच्या पुढे होती. दिवसभर शेण, भाकरी, खुरपणं यांत वाकलेली दिसायची. विहिरीच्या काठावरच्या मोटेच्या जुन्या दगडावर ती उभी राहिली, कासोटा घट्ट केला, हात डोक्यावर जोडले आणि मग ती तिथे नव्हती. पाणी जेमतेम उडालं. मी काठावरून वाकून बघत राहिले, मनात आकडे मोजत राहिले, आणि विहिरीच्या अगदी पलीकडच्या कोपऱ्यात तिचं डोकं वर आलं. तिच्या मुठीत तळाचा चिखल होता. तो तिने आम्हाला दाखवला आणि लहान मुलीसारखी हसली. घरात तिला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

वाडीतल्या आठ-दहा मुली तिच्याकडे शिकायच्या. पाठीवर भोपळा, काखेतून दोर, छातीवर गाठ. गाठ आत्याच बांधायची आणि आत्याच सोडायची. तिचा हा एकच नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. मी तिला सांगितलं की शाळेच्या वाचनालयात पोहण्याचं पुस्तक आहे, त्यात हात कसे मारायचे याची चित्रं आहेत. आत्या दोर ओढत म्हणाली, "मंग भोपळ्याऐवजी पुस्तकच बांधू का पाठीला?" मुली इतक्या हसल्या की मी पाण्यात उतरले ती केवळ त्यांच्यापासून तोंड लपवायला.

तिने मला हात मारायला शिकवलंच नाही, निदान पहिले आठ दिवस. आधी पायरीला धरून तोंड पाण्यात घालायचं आणि श्वास बुडबुड्यांनी सोडायचा. मग उताणं पडायचं, कान पाण्यात, नजर वर विहिरीच्या गोल आभाळाकडे. मी ताठ व्हायचे, मुठी आवळायचे. आत्या माझ्या मानेखाली दोन बोटं ठेवून म्हणायची, "पान्याला धरू नगंस. धरता येत न्हाई ते. त्याच्यावर पड निस्ती." कधीतरी ती दोन बोटं निघून गेली आणि मला कळलंच नाही. त्यानंतर पाय, बेडकासारखे. त्यानंतर हात. आणि एकदा माझ्या छातीवर थोपटून ती म्हणाली, "हितं वारा हाय तवर तूच भोपळा हायेस."

हे वाक्य मी फार मनावर घेतलं. चंद्रा भोपळ्याशिवाय पोहायची, तिच्याहून लहान मुली पोहायच्या, आणि मी अजून बांधलेली. एका दुपारी आत्या एका मुलीचे केस पिळत वर मोटेच्या दगडावर बसली होती. मी खालच्या पायरीवर भिंतीकडे तोंड केलं, गाठ सोडली, भोपळा बाजूला सारला आणि विहिरीच्या मध्यावर जायला निघाले. चार हात नीट पडले. पाचव्याला खाली किती पाणी आहे हा विचार आला, छातीतला वारा मी ओरडण्यात घालवला आणि खाली गेले.

खाली हिरवं होतं आणि अजिबात आवाज नव्हता. एवढंच आठवतं. मग माझी वेणी मागून ओढली गेली, मान मागे झाली आणि हनुवटीखाली एक हात आला. आत्याने मला पाठीमागून धरलं होतं. बुडणाऱ्याला समोरून धरायचं नाही, तो मिठी मारून दोघांना नेतो, हे तिने आम्हाला शिकवलेलं होतंच. ती धापा टाकत नव्हती. काठावर पालथी घालून तिने माझी पाठ चोळली, तेव्हाही तिचे हात पोळ्या लाटतानाच्या लयीतच चालले होते.

चंद्राच्या किंकाळ्या ऐकून तिचे आजोबा, म्हणजे आत्याचे सासरे, लुगड्याची खूण मोडून धावत आले होते. भोपळा एकटाच पाण्यावर फिरत होता. त्यांनी तो पाहिला.

"गाठ कुनी सोडली?"

मला बोलायचं होतं. तोंडात पाण्याची चव होती आणि शब्द एकही नव्हता. आत्याने माझ्याकडे पाहिलं, एकदाच.

"म्या सोडली," ती म्हणाली. "म्हनलं, आता जमंल तिला."

त्या दिवसानंतर बाभळीवर लुगडं पडलं नाही. मुलींच्या आयांनी मुलींना घरी ठेवलं. पोहणं बंद, हे सासऱ्यांचं म्हणणं आत्याने मोडलं नाही, तीही पुन्हा पाण्यात उतरली नाही. एका न बोललेल्या वाक्याने एका बाईकडून तिची विहीर काढून घेतली, आणि हे फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

दुष्काळाच्या वर्षी मी पुन्हा गेले तेव्हा विहीर तळापर्यंत कोरडी होती. कपारीतल्या झऱ्याखाली घागर लावून आत्या तासन्‌तास बसायची. मी तिच्या मागून उतरत उतरत अगदी तळाला गेले आणि वर पाहिलं. मोटेचा दगड इतका उंच होता की माझी मान दुखली. आत्याने भिंतीवर, आमच्या डोक्यांच्याही कितीतरी वर, तेव्हाच्या पाण्याची, शेवाळाची वाळलेली रेघ दाखवली. "तू तिच्याखाली हुतीस," ती म्हणाली. मी त्या दगडापासून त्या रेघेपर्यंतचं आणि रेघेच्याही खालचं अंतर डोळ्यांनी मोजू लागले, आधी हवा, मग पाणी. एवढं सगळं ती माझ्यासाठी एका श्वासात ओलांडून आली होती, आणि आता घागर भरली का ते बघत होती.

"आत्या, मी सांगते सगळ्यांना," मी म्हणाले.

"त्या वक्ती तुला बोलता आलं न्हाई," घागर तिरकी करत ती म्हणाली. "येईल तवा बोल. मी कुटं पळून चाल्ली व्हय?"

पुढच्या पावसाळ्यात विहीर भरली. त्यानंतरच्या हिवाळ्यात आत्याला कावीळ झाली... तार आली तेव्हा माझी कॉलेजची परीक्षा चालू होती. मी तेराव्यालाच पोचले.

आणि आता पारूकाकू माजघरात आल्या होत्या. हात पदराला पुसत त्यांनी खुंटीकडे पाहिलं. "ह्यो भोपळा काय करायचाय आता? कोन शिकतंय? द्या टाकून उकिरड्यावर." त्यांनी हात वर केला. त्यांच्या आधी माझा हात पोचला. भोपळा वाटला होता त्याहून फार हलका होता. त्याच्यात काहीच नव्हतं, नुसता वारा. चुलीपाशी बसलेल्या बायका भिंतीआडून डोकावल्या. चंद्रा पाण्याचा हंडा घेऊन दारात उभी राहिली, तिचे आजोबा ओसरीवरून आत बघू लागले. मी खाली बघितलं नाही. आत्याने शिकवलं होतं तसा छातीभर श्वास घेतला.

"काकू, गाठ मी सोडली होती. आत्यानं मला वर काढलं."