हंड्याच्या झाकणावरचं कमळ

आमच्या काकाजींचं गणित म्हणजे धानाच्या खंड्या. त्यापुढे काही असतं हे त्यांच्या टाळक्यात कधी शिरलं नाही, आणि शिरू नये याची त्यांनी जन्मभर काळजी घेतली. माझे वडील लवकर गेले. त्यामुळे आमगावजवळची शेती, घर, माझी आई आणि मी, सगळ्यांचे मालक तेच.

नागपूरला मी एम.एस्सी. झालो. कलकत्त्याचे एक प्राध्यापक मला संशोधनाला घ्यायला तयार होते. विषय असा, की गणितातले काही अवकाश सगळीकडून इतके सारखे असतात की त्यांत कुठेही उभे राहा, पुढे जे दिसतं तेच मागेही असतं. वर्तुळ आणि गोल ही त्यातली सोपी लेकरं. अशा अवकाशावर कितीही गुंतागुंतीचा कंप उठो, धान पाखडून कोंडा वेगळा करावा तसे त्यातले साधे कंप वेगळे काढता येतात. ते कसे काढायचे, हे मला शिकायचं होतं. जीव जडला होता माझा त्यावर.

गावाला केवढी गंमत वाटली! "कलकत्त्याले जाऊन राहिला म्हणते, गोल मोजाले!" बोलणारे कोण, तर दिवसभर पारावर बसून दुसऱ्याच्या बैलाचे दात मोजणारे.

काकाजी म्हणाले, "कायले जातं? मले डोळ्यानं दाखव तुझं गणित. पटलं तर धाडतो."

मला वाटलं, झालं काम. हंड्याचं सपाट पितळी झाकण मी उलटं केलं आणि त्याची मूठ जात्याच्या तोंडात चिंध्या कोंबून घट्ट बसवली. वर तांदळाची बारीक कणी भुरभुरली. सारंगीवाल्याचा गज मागून आणला, त्याला सालेकशाच्या जंगलातली राळ घासली, कडेला एक बोट टेकवलं आणि शेजारून गज ओढला. झाकण किंचाळलं, कणी नाचली आणि रेघा धरून बसली. चार पाकळ्या! बोट जरा सरकवून पुन्हा ओढला. आता आठ पाकळ्यांचं कमळ.

वर्तुळ कसंही फिरवलं तरी तसंच राहतं, म्हणून हे घडतं, असं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात काकू ओरडल्या, "अगो माय, देवी आली!" आणि हळदकुंकू टाकून मोकळ्या झाल्या. शेजारणी पाया पडल्या. कुणाच्या, तर झाकणाच्या!

काकाजींनी डोळे मिटून हात जोडले. "ज्याच्या हातानं देवी घरात आली, तो घर सोडून जाते का? इथंच राह्य बाप्पा."

"काकाजी, हे नुसतं बोटाचं काम आहे!"

"पाप बोलू नको."

गाढवापुढे वाचली गीता! त्यांचा शब्द मोडून निघालो असतो, तर आईला त्या घरात कोणी ठेवलं नसतं. मी राहिलो. कलकत्त्याची गाडी रोज आमच्या बांधाजवळून शिट्टी मारत जायची आणि मी रोवण्याच्या बायांवर देखरेख करत चिखलात उभा असायचो. झाकण देवघरात गेलं. दर नवरात्रात मला गज देऊन त्याच्यापुढे बसवत आणि अख्खं गाव माना डोलवत बघे. बावळटांशी काय भांडायचं, म्हणून काकाजींना मी मनातल्या मनात सोडून दिलं होतं.

पुढे आई गेली, पण तोवर माझं संशोधनाचं वय उलटून गेलं होतं. मग काकाजी खाटेला खिळले. एका दुपारी मी त्यांना पेज पाजत होतो, तर ते एकदम हसले.

"बोट इकडं ठेवलं तं चार, तिकडं ठेवलं तं आठ. मी त्याच दिवशी पाह्यलं होतं गा."

"मग देवी काऊन म्हटलं?"

"तू गेला असता तं वावर कोनं पाह्यलं असतं?"

इतकी वर्षं मी त्यांना मूर्ख समजून माफ करत आलो होतो. वाटी खाली ठेवली आणि उठलो. उरलेली पेज काकूंनी पाजली.