जवसाच्या तेलाचा वास

मी भूगोल शिकवते. उद्योगांच्या धड्यात एक चित्र आहे: बैलाची घाणी, पुढे बाण, मग मोठा कारखाना. तो सरळ बाण मला कधीच पटला नाही, कारण आमच्या घरी तो उलटा फिरला. गावात विजेवर तेल गाळणारं एक्स्पेलर यंत्र आलं आणि बाबांची बैलघाणी बसली. मग पिशवीतलं रिफाइंड सोयाबीन तेल आलं आणि एक्स्पेलरवाल्यानेही गाशा गुंडाळला. आता माझ्या धाकट्या भावाने नोकरी सोडून जाम गावाच्या चौकात मोटरवर चालणारी लाकडी घाणी मांडली आहे. बाहेर पाटी: शुद्ध जवस तेल.

‘शुद्ध’ लिहिलेलं दिसलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. हा स्वभाव माझ्या नवऱ्यालाही पुरेसा भोवला आहे.

आमच्याकडे एक रीत होती. तेल विकायला काढण्याआधी घरच्या माणसाने ते तळहातावर चोळून हुंगायचं. दिवाळीच्या सुट्टीत मी सिंदी मेघेच्या घरून भावाच्या दुकानात गेले, तेव्हा त्याने मोठ्या हौसेने माझ्या हातावर चार थेंब टाकले. लहानपणीचा तो नाकात चढणारा उग्र वास नव्हताच. त्यात मागच्या दाराशी सोयाबीन तेलाचे रिकामे डबे दिसले. झालं!

“काय मिसळून राह्यला तू यात?” दुकानात गिऱ्हाइकं होती, पण हळू बोलायचं मला सुचलं नाही.

“डबे हॉटेलवाल्याचे हायेत ताई, गुरांची ढेप भराले आणले. तेल जवसाचंच हाय.”

“मंग वास कुठी गेला?”

एका बाईने हातातली बाटली परत ठेवली. तिच्यामागून बाकीचेही निघाले. भावाचा चेहरा उतरला. सख्खी बहीणच असं म्हणते म्हटल्यावर त्याचं तेल कोण घेणार?

तरीही मला दया आली नाही. त्याची लबाडी सिद्ध करायला मी दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन तळेगावला बाबांकडे गेले. त्यांनी तेल चोळलं, बराच वेळ हुंगलं.

“चोख हाय,” ते म्हणाले.

“पण वास कुठी हाय बाबा?”

“तो जवसाचा नव्हता बाई. आपल्या घाणीचं लाकूड माह्या बापाच्या वेळचं. त्यात मुरलेलं तेल खवट होऊन नव्या तेलात उतरे. आपल्याले त्याचीच सवय झालती. पोराची घाणी तर औंदाची हाय.”

मला स्वतःचीच चीड आली. परतताना जामला उतरले आणि दुकानात होते त्या सगळ्यांसमोर भावाची माफी मागितली. “जाऊ दे ताई,” एवढंच तो म्हणाला.

महिन्याभराने तेल आणायला गेले. भरलेल्या बाटल्या समोर मांडलेल्या होत्या. त्याने त्यातली एकही उचलली नाही. मला गिऱ्हाइकांच्या बाकावर बसवलं, जवसाचं नवं पोतं माझ्यासमोर उसवलं आणि घाणी सुरू केली.

“असं काऊन करतं रे? मी घरची हाय नं?”

“असू दे,” तो म्हणाला, “पाहूनच घेजो.”