शेजारच्या फोनवरचा बँड

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि परीक्षेची उत्तरं सोडली तर सलग पानभर लिहायची मला सवय नाही. शिवाय ज्या बँडबद्दल लिहितोय, त्याची कॅसेट कुठल्याच दुकानात कधी मिळाली नाही. तरीही लिहावंसं वाटतं, कारण ते दिवस आठवले की मला बरं वाटतं.

आम्ही चौघं होतो. तिघं कर्वेनगरचे, मी कात्रजचा. माझे वडील दूध डेअरीत कामाला होते. मी ड्रम वाजवायचो, तेही भाड्याचे. गाणी मात्र आमची स्वतःची, मराठी. शेवटचं वर्ष चालू होतं आणि आमच्यातल्या दोघांना बंगलोरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकऱ्या लागल्या होत्या. परीक्षेनंतर बँड मोडणार, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याआधी एकदा तरी आपली गाणी लोकांसमोर वाजवायची, एवढीच इच्छा होती.

कॉलेजच्या गॅदरिंगचा सेक्रेटरी म्हणाला, "सिनेमातली वाजवा, आत्ता वेळ देतो." डेक्कनवरच्या एका कॅफेच्या मालकांनी आम्ही घरीच टेप केलेली कॅसेट हातातही घेतली नाही.

"गाणी कोणाची?"

"आमचीच."

"मग ऐका की घरी."

माझं अक्षर बरं, म्हणून जाहिरातीचं काम माझ्याकडे आलं. हातानं पोस्टर लिहायचं, झेरॉक्स काढायच्या आणि खळ लावून दिसेल त्या भिंतीवर चिकटवायच्या. सकाळचं पोस्टर संध्याकाळपर्यंत कुठल्या तरी कॉम्प्युटर क्लासच्या जाहिरातीखाली गेलेलं असायचं.

फोन नंबर कोणाचा द्यायचा, हा प्रश्न होता. तिघांच्या घरी फोन होते, पण बँडचं नाव काढलं की त्यांचे वडील रिसीव्हर आपटायचे. आमच्या घरी फोनच नव्हता. शेजारच्या काकू निवृत्त शिक्षिका. वडिलांच्या पाळीचे निरोप त्यांच्याकडेच यायचे. मी भीत भीत विचारलं, "काकू, माझा एखादा फोन आला तर चालेल का?" त्या "बरं" म्हणाल्या. बँडचं मी बोललोच नाही. इतके उपकार करणाऱ्या बाईंना हे कुठल्या तोंडानं सांगायचं? पोस्टरवर आणि कॅसेटवर नंबर त्यांचा आणि नाव फक्त बँडचं, तेही इंग्रजी.

औंधच्या बाजूला एक नवी कॉम्प्युटर कंपनी आली होती. तिच्या वार्षिक कार्यक्रमासाठी आम्ही कॅसेट दिली. तिथल्या बाई म्हणाल्या, "ऐकून फोन करते." दोन आठवडे गेले. फोन नाही. आम्ही आशा सोडली.

एकदा वडिलांसाठी आलेला निरोप आणायला शेजारी गेलो, तर काकू वैतागलेल्या. "एक बाई तीनदा फोन करून काहीतरी इंग्रजी नाव विचारतेय. तिन्ही वेळा सांगितलं, इथं असं कोणी राहत नाही."

त्या औंधच्याच बाई, हे माझ्या लक्षात आलं. खाली मान घालून सगळं सांगून टाकलं.

"मग आधी काय तोंडात गुळणी धरली होतीस?"

"तुम्हाला आवडणार नाही, असं वाटलं."

"आवडायचा प्रश्न कुठे आला? मला नुसता निरोप लिहून ठेवायचा होता, गायचं नव्हतं."

त्यांनी बँडचं नाव माझ्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलं आणि फोनशेजारी भिंतीवर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी मी बस बदलत औंधला गेलो. वॉचमननं आत सोडलं नाही. फाटकापाशी उभं राहून चिठ्ठी लिहिली, झाली चूक आमची आहे असं कळवलं आणि ती त्याच्या हातात दिली. ती आत पोचेल का, याची खात्री नव्हती. पुढचे दोन दिवस पुस्तक उघडायचो आणि कान शेजारी लावून बसायचो.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवत होतो. काकू आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. एरवी त्या हाक मारायच्या, स्वतः कधी यायच्या नाहीत. आई गडबडून उठली.

"बसा हो तुम्ही," काकू म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "त्या बाईंचा फोन होता. शनिवारी संध्याकाळी सहाला. अर्धा तास देत होत्या, मी पाऊण मागून घेतला."

घास हातातच राहिला. "आणि गाणी, काकू?"

"तुमचीच. कॅसेट ऐकलीये म्हणाल्या, दोनदा."