वर्कशॉपचं एक क्रेडिट

इलेक्ट्रिकलची पदवी द्यायला आमचं विद्यापीठ एकशे सत्तर क्रेडिट मागायचं. दिपिकाकडे एकशे एकोणसत्तर होते. हे तिला कळलं तेव्हा कंपनीने दिलेल्या मुदतीतले सदतीस दिवस उरले होते.

मी सुरभी, तिची मैत्रीण. पेणजवळच्या एका कॉलेजात आम्ही चार वर्षं एकाच बाकावर बसलो. मी गागोद्याकडची, भाताच्या आणि वालाच्या शेतातली. ती खाडीकाठची. तिचे वडील पुंडलिककाका आयुष्यभर मिठागरात फावडं ओढत आले. मिठागर बंद पडल्यावर जेटीवर वॉचमन म्हणून लागले. आई, रंभाकाकी, पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींना पॉलिशपेपर मारायला जायच्या. त्यांच्या गावातली इंजिनीअरिंगला गेलेली दिपिका पहिलीच मुलगी. दोन हजार एकोणीसला तिची अ‍ॅडमिशन झाली त्या दिवसापासून पुंडलिककाका तिला हाक मारायचे ती 'विंजनेर' अशीच.

मशीनच्या लॅबमध्ये दिपिकासारखं कुणी नव्हतं. मोटर सुरू झाली की नुसत्या आवाजावरून ती म्हणायची, "एक फेज गेलीये सर." आणि गेलेली असायची. पण तिसऱ्या सेमिस्टरचं गणित तिच्या नरडीला बसलं ते सुटलंच नाही. ऐंशीपैकी बत्तीस हवे असायचे. तिला कधी चोवीस पडायचे, कधी सत्तावीस, एकदा तर एकोणीस. वरचे सगळे विषय निघाले, प्रोजेक्ट झालं, ओरल झाल्या, मी पास होऊन लग्न करून रोह्याला आले, तरी तिची ती केटी राहिलीच.

तशातही तिला धाटावच्या एका कारखान्यात नोकरी लागली. ट्रेनी इंजिनीअर, सबस्टेशनच्या देखभालीला. अट एकच होती: एकतीस मार्चपर्यंत पदवी पूर्ण झाल्याचा कागद आणून द्यायचा. गणिताचा जुना अभ्यासक्रम बंद होत होता आणि त्याची शेवटची परीक्षा डिसेंबरात होती. ती हुकली तर नव्या अभ्यासक्रमात नाव घालून आणखी विषय द्यावे लागले असते.

ऑगस्टपासून ती रोज साडेपाचला जनरल शिफ्ट सुटली की माझ्याकडे यायची. मी लेकीला, मनस्वीला, मऊ भात भरवायचे आणि ही समोर जमिनीवर वह्या पसरायची. पहिले पंधरा दिवस काही चढेना. ती सूत्रं पाठ करायची आणि दुसऱ्या दिवशी विसरायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "दिपे, हे सूत्र नाहीये गं. हा कॅपॅसिटर चार्ज होतोय. स्विच लावलास, व्होल्टेज हळूहळू चढतंय, तेच इथे लिहिलंय बघ."

तिने वही जवळ ओढली. मग म्हणाली, "ह्या असं कुनी पयल्यांदा का नाय सांगितला मना?"

त्या दिवसापासून चाललं. डिसेंबरात पेपर देऊन आली तेव्हा मनस्वीला उचलून तिचे दोन मुके घेतले.

फेब्रुवारीत निकाल लागला. छत्तीस. मी ओरडलेच. पण फोनवर दिपिका गप्प.

"काय झालं गो?"

"खाली लिवलंय, निकाल राखीव."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती कॉलेजात गेली. मीही गेले, मनस्वीला सासूबाईंकडे ठेवून. आमची शाखा तोवर बंद झाली होती, विद्यार्थीच येईनात म्हणून. आमच्या लॅबच्या दाराला कुलूप, आत पुठ्ठ्याची खोकी. ऑफिसात नवीन क्लार्कबाई होत्या. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाल्या, "दुसऱ्या सेमिस्टरचं वर्कशॉप. टर्मवर्कचे मार्क आलेले नाहीत."

दुसरं सेमिस्टर म्हणजे दोन हजार वीस. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि वर्कशॉप अर्ध्यावर बंद पडलं. आम्हाला वरच्या वर्गात घातलं. वर्कशॉपचे मार्क नंतर भरू असं सांगितलं, आणि गुणपत्रिकेवर त्या विषयापुढे 'प्रलंबित' असं छापलं. पुढच्या फेब्रुवारीत चार दिवस बोलावून राहिलेले जॉब करून घेतले. मी होते, दिपिका होती, आम्ही एकाच बाकावर कानस मारली होती. माझे मार्क गेले. तिचे गेले नाहीत. तिची गणिताची केटी होती म्हणून पूर्ण निकाल कधी तयार झालाच नाही, आणि कुणाला ते दिसलं नाही. आम्हालाही नाही. 'प्रलंबित' हा शब्द सगळ्यांच्याच गुणपत्रिकेवर होता, आम्ही त्याच्याकडे बघणंच सोडून दिलं होतं.

"मी आली होती," दिपिका म्हणाली. "सगले जॉब केले. जर्नल दिला."

"जर्नल तीन वर्षांनी रद्दीत जातात. हजेरीचं रजिस्टर सापडलं तर बघू."

केरूमामा नावाचे जुने शिपाई होते, त्यांनी दोन दिवस स्टोअर उपसलं. एकोणीसचं रजिस्टर मिळालं, बावीसचं मिळालं. मधलं नाही. वर्कशॉपचे तेव्हाचे सर नोकरी सोडून गेलेले, त्यांचा नंबर लागेना. मी प्राचार्यांना लिहून दिलं की मी साक्षीला आहे, ही माझ्या शेजारी उभी होती. त्यांनी कागद वाचला आणि परत केला.

"तुमच्यावर माझा विश्वास आहे," ते म्हणाले. "पण विद्यापीठाला मार्क पाठवायचे तर मला नोंद लागते. उपाय एकच आहे. आत्ताच्या पहिल्या वर्षाबरोबर हिने वर्कशॉप पुन्हा करावं. मेमध्ये मार्क जातील."

"सर, मना एकतीस मार्चला कागद द्यायचाय."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

विद्यापीठात ती तीनदा गेली. एका खिडकीने दुसरीकडे धाडलं, दुसरीने कॉलेजचं पत्र मागितलं, कॉलेजने पत्र दिलं तर त्यावर जावक क्रमांक नव्हता. मार्च अर्धा संपला. तिचं जेवण कमी झालं. रंभाकाकी मला फोन करून विचारायच्या, "पोर काय बोलंना गो, तुना काय बोलली काय?" घरी तिने काहीच सांगितलं नव्हतं. काकांनी गणित सुटल्याचं ऐकल्यावर गावभर पेढे वाटले होते. जेटीवरच्या ड्रायव्हरांनासुद्धा.

मग ती कंपनीत पर्सनलच्या साहेबांकडे गेली. हे तिनेच मला नंतर सांगितलं. तिने सगळे कागद मांडले, गणिताचा निकाल, प्राचार्यांचं पत्र, आठ सेमिस्टरच्या गुणपत्रिका. म्हणाली, फक्त दोन महिने द्या.

"मॅडम, तुमच्या कामाची तक्रार नाही," साहेब म्हणाले. "मेंटेनन्सवाले तर तुम्हाला सोडायला तयार नाहीत. पण हेड ऑफिसला 'पदवी पूर्ण' असा कागद लागतो. एक क्रेडिट कमी म्हणजे त्यांच्या हिशोबी तुम्ही बारावी पास."

"सर, माझा वर्कशॉप ऱ्हायलाय. वर्कशॉप! मी तुमच्याकडे बावीस हजार व्होल्टचा ब्रेकर काढते न् घालते."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "मी काही करू शकत नाही."

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली नाही. साडेसहाच्या सुमाराला फोन आला. मागे कसलाच आवाज नव्हता.

"सुरभी, मी निडी स्टेशनला उतरलीय."

"निडीला? कशाला?"

"घरी जावंसा नाय वाटला. बाबा दारात बसलेला असेल. इचारतो रोज, कागद आला काय. मना आज खोटा बोलता नाय येनार."

"गाडी?"

"गेली. मी बसलीय. रुळाच्या फाटकापर्यंत जाऊन आली मगाशी. मग परत आली."

ते 'परत आली' ऐकून मी ताडकन उठले. मी तिला म्हटलं, फोन ठेवायचा नाही, बोलत राहा, काहीही बोल. मनस्वी रडत होती. सासूबाईंनी तिला माझ्या कडेवरून ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "जा तू. आधी जा." फोन कानाला ओढणीने बांधून मी स्कूटी काढली. ती पलीकडे त्या दिवशी सबस्टेशनमध्ये काय काय केलं ते सांगत होती. ट्रान्सफॉर्मरचं तेल चेक केलं. एका पंपाची मोटर इन्सुलेशन तपासायच्या मेगरवर खराब दाखवत होती, ती काढायला लावली. सांगता सांगता गप्प व्हायची, मी ओरडायचे, "पुढे?" मग पुन्हा बोलायची.

निडीच्या फलाटावर ती एकटी होती. बाकावर, बॅग मांडीवर, सेफ्टी शूज काढून बाजूला ठेवलेले. मी शेजारी बसले.

"मी चुकली कुठं ते सांग मना," ती म्हणाली. "गनितात मी चुकली, कबूल. सा वेला चुकली. पन ह्याच्यात कुठं चुकली?"

"कुठेच नाही."

"मंग?"

मी तिचे शूज तिच्या पायात घातले, नाड्या बांधल्या, आणि तिला स्कूटीवर मागे बसवून पेणमार्गे तिच्या घरी नेलं. हायवेला ट्रक अंगावर यायचे तसा तिचा हात माझ्या कमरेवर घट्ट व्हायचा. त्यानेच मला जरा धीर आला.

पुंडलिककाका खरंच दारात होते. मी दिपिकाला आत धाडलं आणि त्यांना सगळं सांगितलं, एकूण एक. त्यांना क्रेडिट म्हणजे काय ते समजलं नाही. मी म्हटलं, समजा दहा पाट्या मीठ भरून द्यायचंय, तुम्ही दहा भरून दिल्यात, पण मुकादमाने नऊच लिहिल्या.

काका उठून आत गेले आणि तिच्यासमोर बसले. "आमच्या येली मुकादम असा करायचा," ते म्हणाले, "तवा आमी रडत नव्हतो. शिव्या द्यायचो न् परत भरायचो. दे शिव्या. दे ना. आमी ऐकतो."

दिपिकाने शिव्या दिल्या नाहीत. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली, आणि रंभाकाकी तिच्या पाठीवरून खरखरीत हात फिरवत बसल्या. दुसऱ्या दिवशी काकांनी जेटीवरून रजा घेतली. तिला कंपनीच्या गेटपर्यंत सोडलं आणि संध्याकाळी गेटवरूनच परत आणलं. आठवडाभर हेच चाललं. मीही रोज दोनदा फोन करायचे, काही काम नसताना.

तिने वर्कशॉपला नाव घातलं. गुरुवार आणि शुक्रवार, मार्च संपेपर्यंत त्या दिवशी रजा टाकून. अठरा वर्षांची पोरं आणि मध्ये ही, निळा एप्रन घालून, लोखंडाच्या पट्टीला चौकोनी खाच पाडत. पोरं आधी तिला मॅडम समजली. मग जिन्याच्या दिव्याचं वायरिंग आलं, दोन स्विच आणि एक दिवा. नवीन सरांनी फळ्यावर आकृती काढली आणि तिला म्हणाले, "तुम्ही बसा, तुम्हाला येतं हे." ती म्हणाली, "नको सर. मी करते. न् रजिस्टरला माझी सही झाली का तेवढा बघा." रोज निघताना ती त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढायची. पोरं हसायची. एका मुलीने कारण विचारलं, दिपिकाने सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात अख्खी बॅच फोटो काढू लागली.

एकतीस मार्चला तिने कंपनीचं हेल्मेट, ओळखपत्र आणि पॅनेलच्या किल्ल्या जमा केल्या. मेंटेनन्सच्या माणसांनी तिला चहा पाजला. फोरमन म्हणाला, कागद आला की ये, मी बोलतो. तिलाही ते खरं वाटलं, मलाही.

मेमध्ये मार्क गेले. पंचवीसपैकी तेवीस. जूनच्या शेवटी निकालावरची 'राखीव' ही खूण निघाली आणि प्रमाणपत्र हातात आलं. ती त्याच दिवशी धाटावला गेली. गेटवरच कळलं की तिच्या जागेवर एप्रिलमध्ये दुसरा मुलगा घेतला. फोरमन बाहेर येऊन भेटला, तिच्याकडे न बघता बोलला, आणि परत आत गेला.

घरी दुसरीच गत झाली. तिने प्रमाणपत्र आणून कपाटात ठेवलं. दोन दिवसांनी काकांनी तिला न विचारता ते पेणला नेऊन लॅमिनेट करून आणलं. वर गुलाबी फुलांची किनार. मूळ कागद लॅमिनेट केला तर काही ठिकाणी पडताळणीला चालत नाही, हे त्यांना कुठून माहीत असणार? दिपिका मला फोनवर म्हणाली, "मी वरडनार व्हती. पन बाबा त्यो भिंतीला लावून मागं सरकून बघत व्हता, वाकडा लागला का सरल. मंग नाय बोलली काय." दुसऱ्या प्रतीसाठी तिने अर्ज केला आहे.

सध्या ती एका कंत्राटदाराकडे आहे. त्याची माणसं वेगवेगळ्या कारखान्यांत शटडाऊनच्या, म्हणजे कारखाना बंद ठेवून करायच्या कामाला जातात. कागदावर ती 'हेल्पर, कुशल' आहे, कारण कंत्राटात इंजिनीअरची जागाच नाही. कधीकधी तिच्याच जुन्या सबस्टेशनमध्ये काम निघतं. तो नवीन मुलगा चांगला आहे, अडला की तिलाच विचारतो, आणि ती सांगते.

आजवर चार मुलाखती झाल्या. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: चार वर्षांची पदवी सहा वर्षांत कशी? सुरुवातीला ती वर्कशॉपचं सगळं सांगायची, फोटो दाखवायची. समोरची माणसं घड्याळाकडे बघायची. परवा नागोठण्याला तिने नुसतं म्हटलं, "गणित सुटत नव्हतं. मग सुटलं." त्यांनी कळवतो म्हणून सांगितलंय.

काल संध्याकाळी ती माझ्याकडे आली होती. हाताला ग्रीस, नखात काळं. मनस्वीने तिच्या हातातलं टेस्टर ओढून घेतलं. मी चहा टाकला आणि विचारलं, "नागोठण्याहून काही?"

"नाय," ती म्हणाली, आणि टेस्टर सोडवायला मनस्वीचं एकेक बोट हळूच उघडत बसली.