खिल्लारे सरांची माउंटन बाइक

सिद्धोधन खिल्लारे सर सेलूच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. हिमालयापासून सह्याद्रीपर्यंत सगळे डोंगर त्यांना तोंडपाठ होते. चढले मात्र कुठलाच नव्हते. पंचेचाळिशीनंतर सदऱ्याची गुंडी पोटावर लागेना, तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. सरांनी गिअरची सायकल घेतली. चालण्याचा फोटो ग्रुपवर टाकला तर कोण बघतंय, असा त्यांचा विचार.

सायकलीमागोमाग हेल्मेट आलं, अवजारांची थैली आली, चट्ट्यापट्ट्यांचा घट्ट ड्रेस आला. तो घालून सर पहिल्यांदा बाहेर निघाले, तेव्हा दवाखान्यात नर्स असलेली त्यांची बायको सुकेशनी म्हणाली, "वरून लुंगी तरी गुंडाळा. गल्लीत माझे पेशंट राहतेत."

तेवढ्यात वालूर ते देवगाव फाटा अशी माउंटन बाइक शर्यत जाहीर झाली. जिमवाले नागेशभाऊ संयोजक होते. त्यांना यंदा निवडणुकीला उभं राहायचं होतं. "पण भाऊ, इकडं डोंगर कुठाय?" सरांनी विचारलं. भाऊ छातीवर हात ठेवून म्हणाले, "सर, डोंगर हितं पायजे."

पहाटेची शर्यत पाहुण्यांची वाट बघत उन्हं चढल्यावर सुटली. सुरुवातीला सर घोळक्याच्या बरोबर मधोमध होते. पुढं कुणीतरी उसाला पाणी सोडून झोपी गेला होता आणि ते सगळं पाणी गाडीवाटेवर आलं होतं. घोळका चिखल बघून कडेलाच थबकला, सर तेवढे आत शिरले. काळ्या मातीनं चाकं धरली. सरांनी दात खाऊन जोर लावला. मागं खाडकन आवाज झाला आणि गिअर बदलणारा डिरेलर मोडून आऱ्यांत अडकला.

मागून मेडिकलवाला योगीराज आला. "काय झालं सर?"

"डिरेलर मोडला."

"अरारारा! लय वाईट झालं. एक सेल्फी घेऊ का तुमच्यासंग?"

सेल्फी घेऊन, पुढचा चिखल बघून, तो आला तसा मागं फिरला.

सरांनी दुरुस्तीचे व्हिडिओ ढिगानं बघितले होते. पण त्यातला मेकॅनिक कायम स्वच्छ टेबलावर काम करायचा. रेंज शोधता शोधता फोनही बंद पडला. शेवटी सरांनी हेल्मेट उलटं ठेवलं आणि त्यात एकेक भाग काढून ठेवायला लागले. डिरेलर सोडवला. चेनची पिन ठोकून काढली. ती चिखलात पडली, चाचपून सापडली, पुन्हा पडली. चेन आखूड करून एकाच चक्रावर जोडली. पायडल मारलं तर चाक फिरलं! "जमलं!" सर ओरडले. ऐकायला एक म्हैस होती; तिनं मान वळवून पाहिलं. मग काडीनं चिखल खरवडत, कधी सायकलीवर बसून, कधी तिला खांद्यावर बसवून, सर निघाले.

देवगाव फाट्याला पोचले तेव्हा पाहुण्यांचं आरोग्यावरचं भाषण अजून चालूच होतं. मंडपाबाहेर सायकली चकचकीत उभ्या होत्या.

"कुठून यायलात सर?" नागेशभाऊ दचकले.

"शर्यतीच्या वाटेनं."

"ती वाट कवाच रद्द केली! ग्रुपवर टाकलंय. समदे डांबरी रोडनं आले, योगीराज पयला. तुमी बाद."

"मी सगळा चिखल तुडवून आलोय, भाऊ!"

"तेच म्हणतोय. चुकीच्या वाटेनं आलात."

एवढ्यात फोटो काढणारा पेपरवाला कुरकुरला, "भाऊ, फोटोत माउंटन बाइकचं कायबी दिसंना. लगीन वाटायलंय."

भाऊंचा आवाज मऊ झाला. "सर, जरा ती सायकल खांद्यावर घेता का?"

योगीराजनं सरांच्या चाकाचा बोटभर चिखल काढून आपल्या गालाला लावला.

"आधी पोहे आणा," सर म्हणाले. दोन प्लेटा खाल्ल्या, मगच उठले.

दुसऱ्या दिवशी पेपरात सायकल खांद्यावर घेतलेले सर ठळक छापून आले. खाली लिहिलं होतं, 'विजेते योगीराज'.

सुकेशनी पेपर घेऊन मागच्या अंगणात आली. "फोटो तुमचा, नाव त्याचं! फोन करा त्या भाऊला."

सर घरातली सगळ्यात जुनी लुंगी गुंडाळून, सायकल उलटी करून बसले होते. कोपरापर्यंत हात ग्रीसनं काळे. "करतो," ते म्हणाले, "आधी तो पान्हा दे."

त्यांनी फोन काही केला नाही.